निवडणुका किती प्रकारच्या असतात? कार्ड एकच, पण यादी, यंत्र आणि मोजणी वेगवेगळी

१५ जानेवारी २०२६ ला पुण्यासह राज्यातल्या २९ महापालिकांसाठी मतदान होतं. सकाळी साडेनऊच्या सुमारास मावसबहिणीचा फोन आला. "दादा, कार्ड आहे माझ्याकडे, ओरिजिनल. पण यादीत नावच नाही म्हणतायत."

ती मे २०२५ मध्ये १८ वर्षांची झाली. ऑगस्टमध्ये मीच शेजारी बसून तिचा फॉर्म ६ ऑनलाइन भरून दिला होता. कार्ड घरी आलं, तिने स्टेटसला फोटोपण टाकला. त्यामुळे माझी पहिली प्रतिक्रिया हीच होती की कुणीतरी नाव उडवलं. अर्धा तास फोनवर शोधाशोध केल्यावर कळलं की नाव उडवलेलं नाही. तिचं नाव विधानसभेच्या यादीत व्यवस्थित होतं. पण महापालिकेसाठी जी यादी वापरली, ती १ जुलै २०२५ च्या दिवशी जशी होती तशी घेतलेली होती. तिची नोंदणी त्यानंतरची. म्हणजे चूक कुणाची नाही, पण मत मात्र गेलं.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, तरी मला हे माहीत नव्हतं. आपण 'निवडणूक' हा एकच शब्द वापरतो, पण त्याखाली निदान सात-आठ वेगवेगळ्या सिस्टीम चालतात. प्रत्येकीचा अॅडमिन वेगळा, डेटाबेस वेगळा आणि निकाल काढायचं गणितही वेगळं. तेच आज सविस्तर बघू.

सगळ्यात आधी: निवडणूक घेतंय कोण?

आपल्याकडे निवडणूक आयोग दोन आहेत आणि बहुतेक गोंधळ इथूनच सुरू होतो.

पहिला भारत निवडणूक आयोग. २५ जानेवारी १९५० ला स्थापन झाला, म्हणून २५ जानेवारी हा राष्ट्रीय मतदार दिवस. राज्यघटनेच्या कलम ३२४ खाली हा आयोग लोकसभा, राज्यसभा, विधानसभा, विधान परिषद, राष्ट्रपती आणि उपराष्ट्रपती या निवडणुका घेतो. मतदार यादी आणि तुमचं कार्ड हेही त्याचंच काम.

दुसरा राज्य निवडणूक आयोग. १९९२ च्या ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीनंतर प्रत्येक राज्यात असा वेगळा आयोग आला, महाराष्ट्रात १९९४ साली. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगर परिषद, नगरपंचायत, महापालिका या सगळ्या निवडणुका त्याच्याकडे. दिल्लीचा आयोग यात हात घालत नाही.

आता मजा अशी की राज्य आयोग स्वतःची यादी बनवत नाही. तो विधानसभेची यादी एका ठरावीक तारखेला घेतो आणि प्रभागांप्रमाणे तिचे तुकडे पाडतो. आमच्या भाषेत सांगायचं तर एका दिवसाचा स्नॅपशॉट. मूळ यादीत नंतर कितीही नावं चढली तरी या स्नॅपशॉटमध्ये ती येत नाहीत. माझी बहीण नेमकी या फटीत सापडली.

लोकसभा आणि विधानसभा: ज्याला जास्त मतं, तो जिंकला

ही पद्धत सगळ्यांना माहीत आहे. देशात लोकसभेच्या ५४३ जागा, महाराष्ट्रात ४८. विधानसभेच्या २८८. गणित करून बघा, राज्यात लोकसभेच्या एका मतदारसंघात बरोबर सहा विधानसभा मतदारसंघ बसतात. दोन्हींसाठी यादी एकच आणि उमेदवाराचं वय किमान २५.

निकालाचा नियम अगदी साधा आहे. सगळ्यात जास्त मतं ज्याला, तो विजयी. ५० टक्के ओलांडायची अट नाही. पाच तगडे उमेदवार असतील तर २८-३० टक्क्यांवरही माणूस निवडून येऊ शकतो आणि उरलेल्या ७० टक्के लोकांची मतं निकालात दिसत नाहीत. वैध मतांच्या एक षष्ठांशही मतं मिळाली नाहीत तर अनामत रक्कम जप्त, एवढाच काय तो तळाचा नियम.

"माझ्या एका मताने काय होतंय" असं म्हणणाऱ्या मित्राला मी एकच उदाहरण देतो. २०२४ ची लोकसभा, मुंबई उत्तर पश्चिम. यंत्रांवरची मोजणी संपली तेव्हा अमोल कीर्तिकर यांना ४,५१,०९५ मतं होती आणि रवींद्र वायकर यांना ४,५१,०९४. नऊ लाख मतांनंतर फरक एका मताचा! मग टपाली मतं धरली. त्यात वायकरांना १,५५० आणि कीर्तिकरांना १,५०१. अंतिम निकाल: वायकर ४८ मतांनी विजयी. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये विधानसभेला मालेगाव मध्यचा निकाल १६२ मतांनी लागला.

आणि मतं समसमान पडली तर? चिठ्ठी टाकतात, खरंच. फेब्रुवारी २०१७ मध्ये मुंबई महापालिकेच्या प्रभाग २२० मध्ये भाजपचे अतुल शहा आणि शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर या दोघांना प्रत्येकी ५,९४६ मतं मिळाली. चिठ्ठी निघाली शहांची. त्या दिवशी घरी झोपून राहिलेल्या कुणा एकाने जाऊन बटण दाबलं असतं तर चिठ्ठीची वेळच आली नसती.

यंत्राच्या आत काय चालतं?

ईव्हीएम हा शब्द आपण एका डब्यासाठी वापरतो, पण लोकसभा-विधानसभेला टेबलावर तीन वस्तू असतात. एक कंट्रोल युनिट, जे मतदान अधिकाऱ्याकडे असतं. दुसरं बॅलट युनिट, ज्यावर आपण बटण दाबतो. आणि तिसरं व्हीव्हीपॅट, म्हणजे चिठ्ठी छापणारा प्रिंटर. यंत्रं बनवणाऱ्या कंपन्या दोन, भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया, दोन्ही सरकारी.

अधिकाऱ्याने कंट्रोल युनिटवरचं बटण दाबलं की तुमच्यासमोरचं युनिट एका मतासाठी चालू होतं. तुम्ही बटण दाबलं, लाल दिवा लागला, व्हीव्हीपॅटच्या काचेमागे उमेदवाराचा क्रमांक, नाव आणि चिन्ह असलेली चिठ्ठी सात सेकंद दिसली, कापली जाऊन आत पडली आणि लांब बीप वाजला. मग अधिकारी पुन्हा बटण दाबेपर्यंत तुम्ही शंभर वेळा दाबलंत तरी काही नोंदलं जात नाही. ते सात सेकंद मात्र वाया घालवू नका. घाईघाईत काच न बघता बाहेर येणारे खूप लोक असतात. स्वतःचं मत स्वतः पडताळायची तेवढी एकच संधी आहे.

एका बॅलट युनिटवर १६ बटणं, त्यातलं एक नोटासाठी. उमेदवार जास्त असतील तर युनिटं एकाला एक जोडतात. २०१९ मध्ये तेलंगणातल्या निजामाबादमध्ये १८५ उमेदवार उभे होते, त्यामुळे प्रत्येक केंद्रावर १२ युनिटं लावावी लागली. नव्या पिढीच्या यंत्राला अशी २४ युनिटं जोडता येतात.

"भावा, ईव्हीएम हॅक होतं का?" हा प्रश्न इंजिनिअर म्हटलं की मला लग्नातसुद्धा विचारतात. जेवढं नक्की आहे तेवढं सांगतो. आयोगाच्या म्हणण्यानुसार यंत्र कुठल्याही नेटवर्कला जोडलेलं नसतं. त्यात वायफाय नाही, ब्लूटूथ नाही. म्हणजे 'कुणीतरी लांब बसून मोबाइलवरून मतं फिरवली' वाले व्हिडिओ बाजूला ठेवा. पण यंत्र नेटला जोडलेलं नाही म्हणून प्रश्नच विचारायचे नाहीत, असं मला वाटत नाही. पडताळणी किती व्हावी हा खरा वाद आहे. सध्या प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाच केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या चिठ्ठी टाकून निवडतात आणि हाताने मोजतात; हा पाचचा आकडा २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवला. सगळ्याच चिठ्ठ्या मोजा ही मागणी न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ ला फेटाळली. पण त्याच निकालात चिन्हं लोड करणारी युनिटं निकालानंतर ४५ दिवस सील करून ठेवायला सांगितली. शिवाय दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला पैसे भरून पाच टक्के यंत्रांच्या चिपची तपासणी मागता येईल, अशी सोय करून दिली.

स्थानिक निवडणुका: घराजवळच्या, आणि सगळ्यात किचकट

नळाला पाणी, रस्त्यावरचे खड्डे, कचऱ्याची गाडी. रोजच्या डोकेदुखीतलं बहुतेक सगळं या संस्थांकडे असतं. आणि नियम सगळ्यात जास्त बदलतात तेही इथेच.

महापालिकेपासून सुरू करू. मुंबईत २२७ प्रभाग आहेत, प्रत्येकात एक नगरसेवक. तुम्ही एक बटण दाबता, काम झालं. बाकी शहरांत बहुसदस्यीय प्रभाग असतात. पुण्यात २०२६ च्या निवडणुकीत ४१ प्रभाग होते. ४० प्रभागांत चार-चार जागा आणि एका प्रभागात पाच, मिळून १६५ नगरसेवक. म्हणजे पुणेकराला एक नाही, चार मतं द्यायची होती: अ, ब, क, ड अशा चार जागांसाठी चार वेगळी बटणं. या चारही लढती स्वतंत्र असतात, कारण प्रत्येक जागेचं आरक्षण वेगळं असू शकतं. एका पक्षाला चारही मतं द्यावीत असं कुठेही लिहिलेलं नाही. अ ला एका पक्षाचा, ब ला अपक्ष, क ला नोटा, असं काहीही चालतं. आमच्या केंद्रावर एक काका एक बटण दाबून निघाले होते, बीप वाजला नाही म्हणून त्यांना परत बोलावलं. सगळ्या जागांसाठी मत नोंदवल्याशिवाय शेवटचा बीप येत नाही.

आणि हो, या निवडणुकांना व्हीव्हीपॅट नव्हतं. एका मतदाराची अनेक मतं असलेल्या पद्धतीत ते बसत नाही, असं राज्य आयोगाचं म्हणणं आहे. लोकसभेला दिसलेली चिठ्ठी इथे दिसली नाही म्हणून केंद्रावर भांडू नका. धोरण म्हणून हे पटत नसेल तर तो वेगळा आणि रास्त वाद आहे.

महापौर आपण निवडत नाही. निवडून आलेले नगरसेवक त्याला अडीच वर्षांसाठी निवडतात, आणि हे पद कुठल्या प्रवर्गासाठी राखीव ते सोडतीने ठरतं. नगर परिषद आणि नगरपंचायतीत उलटं आहे. २ डिसेंबर २०२५ ला जिथे मतदान झालं तिथे लोकांनी नगरसेवकांबरोबर नगराध्यक्षही थेट निवडला.

गावात सरपंचही सध्या थेट जनतेतून येतो. 'सध्या' म्हणायचं कारण, ही सेटिंग सरकार बदललं की बदलते. २०१७ मध्ये थेट निवड आणली, २०२० मध्ये ती रद्द करून सदस्यांमधून सरपंच निवडायची जुनी पद्धत परत आणली, २०२२ मध्ये पुन्हा थेट निवड. पाच वर्षांत तीनदा! ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं. निकालानंतर टीव्हीवर सगळे पक्ष 'आमच्याच जास्त ग्रामपंचायती' असं एकाच वेळी सांगू शकतात, ते त्यामुळेच.

जिल्हा परिषदेला ग्रामीण मतदार दोन मतं देतो, एक जिल्हा परिषदेच्या गटासाठी आणि दुसरं पंचायत समितीच्या गणासाठी. राज्यात ३४ जिल्हा परिषदा आहेत, कारण मुंबई शहर आणि उपनगर जिल्ह्यात जिल्हा परिषद नाही. या सगळ्या संस्थांमध्ये निम्म्या जागा महिलांसाठी राखीव असतात आणि उमेदवाराचं किमान वय २१ आहे. होय, २१. आमदार व्हायला २५ लागतात, नगरसेवक व्हायला चार वर्षं कमी.

निवडणूक वेळेवर झाली नाही तर काय होतं?

हे मी स्वतः अनुभवलंय. पुणे महापालिकेचं मतदान फेब्रुवारी २०१७ मध्ये झालं, मी १८ चा झालो त्याच वर्षी जुलैमध्ये. म्हटलं ठीक आहे, २०२२ ला मत देऊ. मार्च २०२२ मध्ये मुदत संपली, पण ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेची प्रकरणं न्यायालयात अडकली. कारभार प्रशासकाकडे गेला. मुंबई, पुणे, सगळीकडे हीच कथा. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्यायला सांगितलं तेव्हा कुठे चाक हललं. नगरसेवकासाठी मी पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा माझं वय २६ होतं. जवळपास चार वर्षं आमच्या गल्लीतल्या ड्रेनेजची तक्रार कुठल्या नगरसेवकाकडे न्यायची, तर कुणाकडेच नाही. अॅपवर तक्रार टाकायची आणि 'निराकरण झाले' असा मेसेज आला की गटाराकडे बघायचं.

पोटनिवडणुकीचंही तसंच. खासदार किंवा आमदाराची जागा रिकामी झाली तर सहा महिन्यांत निवडणूक घ्यायची असा नियम आहे. सूट दोनच: उरलेली मुदत एक वर्षापेक्षा कमी असेल, किंवा आयोग केंद्र सरकारशी सल्लामसलत करून 'आता अवघड आहे' असं प्रमाणित करेल. पुण्याचे खासदार गिरीश बापट यांचं २९ मार्च २०२३ ला निधन झालं. मुदत वर्षापेक्षा जास्त उरली होती, तरी पोटनिवडणूक झाली नाही. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये ती तातडीने घ्या असा आदेश दिला, जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली, आणि मग थेट १३ मे २०२४ ला सार्वत्रिक निवडणुकीचंच मतदान झालं. एवढ्या मोठ्या शहराला वर्षभराहून जास्त काळ खासदार नव्हता.

नोटा दाबलं तर काय होतं?

हेही निवडणुकीवर अवलंबून आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१३ च्या निकालानंतर नोटा आलं. लोकसभा-विधानसभेला नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तरी त्याखालचा पहिला उमेदवार विजयी होतो. म्हणजे निषेध नोंदवला जातो, पण निकाल बदलत नाही. महाराष्ट्रात स्थानिक निवडणुकांसाठी मात्र राज्य आयोगाने २०१८ मध्ये वेगळा आदेश काढला: नोटा पहिल्या क्रमांकावर आलं तर त्या जागेची निवडणूक पुन्हा घ्यायची. दुसऱ्यांदाही तेच झालं तर मग उमेदवारांमधला पहिला विजयी. राज्यसभेला तर नोटा चालतच नाही. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते काढून टाकलं. बटण किंवा पर्याय तोच, पण तीन ठिकाणी तीन अर्थ.

जिथे एक-दोन-तीन लिहितात

आता या लेखातला माझा आवडता भाग. राज्यसभा, विधान परिषद, राष्ट्रपती या निवडणुकांत मतदार उमेदवारांना पसंतीक्रम देतो: १, २, ३... आणि मतं एका उमेदवाराकडून दुसऱ्याकडे 'ट्रान्सफर' होतात.

१० जून २०२२ ची महाराष्ट्रातली राज्यसभा निवडणूक घ्या. जागा सहा, उमेदवार सात, मतदार म्हणजे आमदार. वैध मतं २८४. प्रत्येक मताचं मूल्य १०० धरतात. जिंकायला लागणारा कोटा असा काढतात: एकूण मूल्य भागिले जागांची संख्या अधिक एक, आणि उत्तरात आणखी एक मिळवायचा. २८,४०० भागिले ७ म्हणजे ४,०५७, अधिक १, म्हणजे ४,०५८. सोप्या भाषेत, ४१ आमदारांची पहिली पसंती मिळाली की जागा नक्की.

पाच उमेदवार ४१ किंवा त्याहून जास्त पहिल्या पसंतीच्या मतांवर निवडून आले. सहाव्या जागेसाठी शिवसेनेचे संजय पवार यांच्याकडे ३३ पहिली मतं होती आणि भाजपचे धनंजय महाडिक यांच्याकडे २७. आपल्या नेहमीच्या पद्धतीने पवार जिंकायला हवे होते. जिंकले महाडिक. का? भाजपचे पीयूष गोयल आणि अनिल बोंडे यांना ४८-४८ मतं होती, म्हणजे प्रत्येकाकडे कोट्यापेक्षा सातशेहून जास्त मूल्य शिल्लक. त्या आमदारांनी दुसरी पसंती महाडिकांना दिली होती, त्यामुळे ही शिल्लक तिकडे वळली. पवारांकडेही मित्रपक्षांच्या उमेदवारांची शिल्लक आली, पण ती कमी होती. कुणाला किती मतं द्यायची याचा हिशेब ज्या पक्षाने चांगला केला, त्याने जागा काढली. ज्यांना कोडिंग आवडतं त्यांनी हा अल्गोरिदम एकदा लिहून बघा, एक संध्याकाळ मस्त जाते.

राज्यसभेचं मतदान गुप्तही नसतं. आमदाराला आपली मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते.

राष्ट्रपतीच्या निवडणुकीत निवडून आलेले खासदार आणि आमदार मत देतात, पण सगळ्यांच्या मताचं वजन सारखं नसतं. १९७१ ची राज्याची लोकसंख्या भागिले आमदारांची संख्या, भागिले १,०००. महाराष्ट्राच्या आमदाराचं उत्तर येतं १७५. सिक्कीमच्या आमदाराचं ७. २०२२ मध्ये खासदाराच्या मताचं मूल्य ७०० होतं. उपराष्ट्रपतीला फक्त खासदार मत देतात, सगळ्यांचं मूल्य एक.

विधान परिषदेत तर तुमचंही मत असू शकतं

हे सगळं आमदार-खासदारांचं, आपला काय संबंध, असं वाटत असेल तर थांबा. महाराष्ट्राच्या विधान परिषदेत ७८ जागा आहेत. ३० आमदार निवडतात, २२ स्थानिक संस्थांचे सदस्य, १२ राज्यपाल नेमतात, ७ शिक्षक आणि ७ पदवीधर निवडतात. (नगरसेवकच नव्हते त्या काळात स्थानिक संस्थांच्या कोट्यातल्या अनेक जागाही रिकाम्या राहिल्या. एक निवडणूक अडली की दुसरी अडते ती अशी. गोव्यात हा प्रश्नच नाही, तिथे विधान परिषद नाही.)

पदवी मिळून तीन वर्षं झालेला कुणीही पदवीधर मतदारसंघात नाव नोंदवू शकतो. मात्र ही यादी पूर्ण वेगळी. फॉर्म १८ भरावा लागतो, सोबत पदवीचा पुरावा. वर्षांची मोजणी १ नोव्हेंबर या तारखेवर होते. आणि मुख्य गोम म्हणजे ही यादी दर निवडणुकीला नव्याने बनते. मागच्या वेळी नाव होतं म्हणून या वेळी आपोआप येत नाही. माझ्या बॅचमधल्या साठेक जणांच्या ग्रुपवर मी विचारलं, किती जणांनी फॉर्म १८ भरलाय? तीन अंगठे आले, त्यातला एक माझाच.

इथे मत कागदावर द्यायचं असतं आणि केंद्रावर दिलेल्या पेननेच. नावापुढे १ हा आकडा लिहायचा. बरोबरची खूण केलीत किंवा 'एक' असं अक्षरात लिहिलंत तर मत बाद. गंमत म्हणजे ही चूक करणारे सगळे पदवीधरच असतात.

हाउसिंग सोसायटी, साखर कारखाना, पतसंस्था यांच्या निवडणुका या दोन्ही आयोगांकडे नसतात. त्यांच्यासाठी राज्य सहकारी निवडणूक प्राधिकरण आहे. २५० पर्यंत सदस्यांच्या हाउसिंग सोसायट्या आपली निवडणूक नियमांनुसार स्वतः घेऊ शकतात.

मोबाइल हातात आहेच, तर एवढं करून टाका

नवीन नाव नोंदवायला फॉर्म ६. पत्ता बदलला किंवा स्पेलिंग चुकलं तर फॉर्म ८. दोन्ही भारत निवडणूक आयोगाच्या अधिकृत पोर्टलवर आणि अॅपवर भरता येतात. अॅप स्टोअरमध्ये भलतंच काही डाउनलोड करू नका, डेव्हलपरचं नाव बघा. अडलं तर १९५० हा हेल्पलाइन नंबर.

पूर्वी १ जानेवारी ही एकच तारीख धरली जायची. आता वर्षात चार तारखा आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. १७ पूर्ण झाले की आगाऊ अर्जही करता येतो. लोकसभा-विधानसभेसाठी उमेदवारी अर्ज भरायच्या शेवटच्या तारखेपर्यंत तुमचं नाव यादीत चढलेलं हवं. चढलेलं, म्हणजे अर्ज मंजूर झालेला. त्याच दिवशी अर्ज करून उपयोग नाही. स्थानिक निवडणुकीला राज्य आयोग आधीची एखादी तारीख ठरवतो, त्यामुळे तिची चाहूल लागायच्या खूप आधी नाव आत हवं.

गाव सोडून पुण्या-मुंबईत नोकरीला आलेल्यांसाठी: इथे नवीन फॉर्म ६ भरू नका, फॉर्म ८ ने नाव हलवा. दोन ठिकाणी नाव ठेवणं कायद्याला धरून नाही. परदेशात असाल आणि भारतीय पासपोर्ट असेल तर फॉर्म ६अ आहे, पण मत द्यायला इथे यावं लागतं.

कार्ड म्हणजे फक्त ओळखपत्र, मताचा हक्क यादीतल्या नावाने मिळतो. कार्ड हरवलं तरी नाव असेल तर आधार, पॅन, ड्रायव्हिंग लायसन्स, पासपोर्ट असं काहीही चालतं. नाव नसेल तर कार्ड असूनही मत देता येत नाही. कार्ड नंबर टाकून आत्ताच शोधा, भाग क्रमांक आणि अनुक्रमांकाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. मतदानाच्या दिवशी मात्र फोन घरी ठेवा किंवा मित्राकडे द्या. बटण दाबतानाचा फोटो किंवा रील हा मताच्या गुप्ततेचा भंग आहे आणि त्यावर गुन्हा दाखल होऊ शकतो.

आणि केंद्रावर गेल्यावर कळलं की तुमच्या नावावर आधीच कुणीतरी मत देऊन गेलंय, तर परत फिरू नका. ओळख पटवा आणि 'प्रदत्त मत' मागा. लोकसभा-विधानसभेला तुम्हाला कागदी मतपत्रिका मिळते, ती वेगळ्या लिफाफ्यात ठेवतात. एरवी ती मोजत नाहीत, पण निकाल न्यायालयात गेला तर ती कामाला येते.

माझ्या बहिणीचं नाव आता सगळीकडे बरोबर आहे. ठरल्या वेळी झाल्या तर तिच्या पहिल्या लोकसभा-विधानसभा २०२९ मध्ये. नगरसेवकासाठी तिला २०३१ पर्यंत थांबावं लागेल.